परदेशी यजमान कुटुंबात राहून शिकताना: गोव्यातील विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर, पदवीनंतर आणि आता काही वेळा त्याआधीही शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या गोव्यातील मुलामुलींपैकी अनेकजण पहिले काही महिने किंवा संपूर्ण वर्ष एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतात. प्रवेश, व्हिसा आणि शैक्षणिक कर्ज यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्या घरात न्हायचे केव्हा, भूक लागली तर सांगायचे कोणाला, रात्री फोनवर किती मोठ्याने बोलायचे, हे कोणी सांगत नाही, आणि मूल रडकुंडीला येते ते बहुधा याच गोष्टींनी. फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी निघण्यापूर्वी किंवा तिथे पोहोचल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे एखाद्या देशाचे नाव घेऊन सांगितलेला नियम त्या देशापुरताच समजावा.

यजमान कुटुंबात राहणे म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहणेच ना?

पूर्णपणे तसे नाही. कुटुंबाने विद्यार्थ्याला कोणत्या व्यवस्थेखाली घरात घेतले आहे हे आधी समजून घ्यावे, कारण दोन्ही बाजूंच्या अपेक्षा त्यावरच ठरतात. आयर्लंड, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे महाविद्यालये आणि भाषाशाळा जी होमस्टेची सोय करून देतात, तिच्यात कुटुंबाला आठवड्याचे किंवा महिन्याचे पैसे मिळतात आणि त्या बदल्यात खोली व ठरलेली जेवणे दिली जातात. याउलट एएफएससारख्या संस्थांच्या शालेय देवाणघेवाण कार्यक्रमांत कुटुंब मोबदला न घेता मुलाला आपल्याकडे ठेवते, आणि त्याने घरच्या मुलासारखे सर्वांसोबत जेवावे, फिरायला यावे, कामाला हातभार लावावा अशी अपेक्षा धरते. पहिल्या प्रकारच्या घरी मायेची वाट पाहत बसले तर मन खट्टू होते. दुसऱ्या प्रकारच्या घरी ताट उचलून खोलीत नेले तर त्या माणसांना ते लागते.

ओ-पेअर हा तिसराच प्रकार आहे आणि त्याची गल्लत होऊ देऊ नये. जर्मनीत १८ ते २६ वर्षांच्या तरुणांना ओ-पेअर म्हणून जाता येते. तिथे आठवड्याला कमाल ३० तास मुले सांभाळणे व घरातली हलकी कामे करणे अपेक्षित असते आणि महिन्याला २८० युरो हातखर्च मिळतो. एजंटाने ‘कुटुंबात राहून शिका’ एवढेच सांगितले असेल, तर यांपैकी नेमके कोणते, हे कागदावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

निघण्यापूर्वी त्या कुटुंबाला काय विचारून घ्यावे?

कुटुंबाचे नाव कळले की एक साधे पत्र पाठवावे आणि त्यात स्वतःविषयी थोडे सांगून मोजके प्रश्न विचारावेत. घरात कुत्रा किंवा मांजर आहे का आणि ते आत वावरते का, कोणी धूम्रपान करते का, न्हाणीघर किती जणांत वापरायचे आहे, कपडे किती दिवसांनी धुता येतील, शाळेपर्यंत बस कोणती, आणि पैशांत कोणती जेवणे येतात. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये पुष्कळदा न्याहारी व रात्रीचे जेवण एवढेच धरलेले असते आणि शाळेच्या दिवसांत दुपारचे जेवण विद्यार्थ्याने स्वतः पाहायचे असते. हे न कळल्यामुळे पहिल्याच आठवड्यात हातखर्च संपल्याचे फोन येतात.

माहितीचा फॉर्म भरताना खरे तेच लिहावे. दमा, मांजराची ॲलर्जी, रात्री दिवा लावून झोपण्याची सवय, चालू असलेली औषधे, यांतले काही लपवले तर चांगले कुटुंब मिळेल असे काही पालकांना वाटते. प्रत्यक्षात त्याने चुकीचे कुटुंब मिळते.

मुलगी अजून अठरा वर्षांची झालेली नाही. तिची कायदेशीर जबाबदारी कोणावर असते?

हे देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मूल नातेवाईक नसलेल्या घरी २८ दिवस किंवा अधिक राहणार असेल, तर ते तिथल्या स्थानिक परिषदेला कळवावे लागते. कॅनडात १७ वर्षांखालील विद्यार्थी आईवडिलांविना राहणार असेल तर तिथे कस्टोडियन म्हणून प्रौढ व्यक्ती नेमावी लागते. ऑस्ट्रेलियात १८ वर्षांखालील विद्यार्थ्यासोबत पालक किंवा मान्य नातेवाईक नसल्यास त्याच्या राहण्याच्या व देखरेखीच्या व्यवस्थेला शिक्षणसंस्थेची लेखी मान्यता लागते. अमेरिकेच्या शालेय देवाणघेवाण कार्यक्रमात यजमान घरातील प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाते आणि स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी संपर्क ठेवणे बंधनकारक असते. त्या समन्वयकाचे नाव, फोन आणि तो नसेल तेव्हाचा दुसरा क्रमांक पालकांच्या हाती विमान सुटण्यापूर्वीच असला पाहिजे.

घरून खाण्याचे काय न्यावे आणि भेट म्हणून काय द्यावे?

थोडे न्यावे आणि विचारून न्यावे. युरोपीय संघाच्या देशांत प्रवासी सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि घरचे तूप घरीच राहू द्यावे. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून अननस, नारळ, केळे, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच सूट आहे. म्हणजे नारळ चालतो, पण त्याच्यासोबतचा कढीपत्ता चालत नाही. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते आणि न केल्यास दंड होतो.

एक गोष्ट विशेष जपावी. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखस बेकायदेशीर आहे, आणि आपल्या शाकुतीच्या मसाल्यात खसखस असते. दुबई, अबू धाबी किंवा सिंगापूरवरून जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत आजीने प्रेमाने भरलेली मसाल्याची पुडी असेल, तर त्यात काय काय भाजून घातले आहे हे तिला आधी विचारावे.

भेट म्हणून काजू सर्वांना सुचतात. ते उत्तमच, पण यजमान घरात कोणाला काजू किंवा अन्य कठीण कवचाच्या फळांची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारावे. तिकडे ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि काही घरांत असा पदार्थ दाराच्या आतही घेत नाहीत. कुणबी कापडाचा टेबलावर घालायचा पट्टा किंवा रंगवलेली लहानशी टाइल दिली तर वजन होत नाही आणि ती वस्तू त्या घरात राहते. महागडी भेट देऊ नये, त्याने समोरची माणसे अवघडतात.

त्यांना काय म्हणून हाक मारायची? अंकल-आंटी चालेल का?

जर्मनी, आयर्लंड, कॅनडा येथे बहुधा पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. वडीलधाऱ्या माणसाला नुसते नावाने हाक मारताना आपल्या मुलांची जीभ अडखळते, परंतु तिथे त्यात अनादर नाही. जपानमध्ये यजमान घरातील स्त्री-पुरुषांना आई-वडील अशा अर्थाच्या शब्दांनीच हाक मारण्याची रीत आहे आणि आपल्या मुलांना ती सोपी जाते. शंका असेल तर पहिल्याच संध्याकाळी सरळ विचारावे.

मुलगा म्हणतो पोटभर जेवायला मिळत नाही. कुटुंब कंजूष आहे का?

क्वचित तसे असतेही, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. पण बहुतेक वेळा कारण वेगळे असते आणि ते आपल्याच सवयीत सापडते. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, वाढणारी पुन्हा पळी पुढे करते, तो ताटावर हात आडवा धरतो, आणि तिसऱ्या खेपेला भात ताटात पडतोच. पहिला नकार कोणी खरा धरत नाही, म्हणून कोणी उपाशीही राहत नाही. तिकडे भांडे एकदा समोरून फिरते. आणखी हवे का, असे एकदा विचारले जाते. नको म्हटले की भांडे पुढे जाते आणि उरलेले डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले जाते. पुन्हा आग्रह करणे म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर अविश्वास दाखवणे, असे ती माणसे मानतात.

डिचोलीच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत आयर्लंडमध्ये हे फार वाढले. ती संकोचाने दर वेळी नको म्हणायची आणि रात्री खोलीत बिस्किटे खायची. मुलीला आपल्या हातचे रुचत नाही असे समजून त्या घरच्या बाई दिवसेंदिवस तिच्यासाठी कमी करू लागल्या. इकडे आईला फोनवर रडणे ऐकू यायचे, तिकडे केराच्या टोपलीत बिस्किटांचे कागद सापडायचे, आणि समन्वयकाने दोघींना समोरासमोर बसवले तेव्हा त्या बाईंच्याच डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मुलीला विचारले, की तू एकदा तरी हो का म्हणाली नाहीस?

म्हणून मुलांना निघण्यापूर्वी घरीच याची सवय करावी. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, थोडे आणखी घेईन’ म्हणायचे. नको असेल तर ‘पोट भरले, छान झाले होते’ म्हणायचे. मधल्या वेळी भूक लागते, तर फ्रीजमधले काय विचारल्याशिवाय घेता येईल, हेही विचारून ठेवायचे. काही घरांत फळे आणि पाव कधीही घ्यायला मोकळीक असते, पण उद्याच्या जेवणासाठी आणलेले चीज उचलले तर सगळा बेत कोलमडतो.

वेळेचाही प्रश्न असतो. जर्मन घरांत संध्याकाळी सहा-साडेसहालाच रात्रीचे जेवण होते आणि ते पुष्कळदा पाव, चीज, काकडी असे थंडच असते. गरम जेवण दुपारी झालेले असते. नऊला गरम शीत (भात) आणि हुमण (माशांची आमटी) जेवणाऱ्या मुलाला ते जेवण वाटतच नाही. स्पेनमध्ये मात्र रात्री नऊनंतर जेवतात, आणि तिथे गेलेल्या मुलांची ही तक्रार येत नाही.

आम्ही मासे खातो, पण सोमवारी शिवराक. हे त्यांना कसे समजावायचे?

सोमवारी मी शाकाहारी, असे सांगितले की ऐकणारा गोंधळतो, कारण त्यांच्याकडे माणूस शाकाहारी असतो किंवा नसतो, वारावर काही ठरत नाही. काय खातो आणि काय खात नाही याची यादीच लिहून द्यावी: मासे, कोळंबी, कोंबडी व अंडी चालतात, गोमांस व डुकराचे मांस चालत नाही, आणि सोमवारी मांस, मासे, अंडी यांतले काहीही नको. जिलेटिन घातलेल्या गोड पदार्थांचे आणि मांस शिजवलेल्या पाण्यातल्या सूपचे काय, हेही ज्याने त्याने आधी ठरवून सांगावे. पूर्ण शाकाहारी मुलांनी जपानमध्ये जपून राहावे. दाशी नावाचे जे पाणी तिथल्या बहुतेक आमट्यांना आधार असते, ते सहसा सुकवलेल्या माशाच्या कापांपासून करतात.

श्रावण पूर्ण पाळायचा आहे असे काही घरांतून सांगितले जाते. शक्य असेल तर जरूर पाळावा; परंतु यजमान बाईंनी एका मुलासाठी महिनाभर वेगळा स्वयंपाक करावा अशी अपेक्षा धरण्याऐवजी त्या दिवसांत स्वतःचे जेवण स्वतः करण्याची परवानगी मागितलेली बरी. त्यासाठी डाळ, भात आणि एखादी भाजी निघण्यापूर्वी शिकून घ्यावी, मुलग्यांनीही.

त्यांच्या स्वयंपाकघरात आपले पदार्थ करता येतात का?

विचारून करता येतात, आणि बहुतेक घरांत त्याचे कौतुकही होते. मात्र फोडणीचा धूर ही खरी अडचण आहे. जर्मनीतील घरांत धूर ओळखणारी यंत्रे कायद्याने बसवलेली असतात, आणि मोहरी तडतडून मिरची करपली की ती कर्कश वाजू लागतात. आधी खिडकी उघडावी, चुलीवरचा पंखा लावावा आणि तेल कमी तापवावे. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावरून आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवरून निघत नाही, म्हणून सांडली की त्याच क्षणी पुसावी. सुके बांगडे किंवा सुंगटे भाजण्याचा विचार पहिल्या महिन्यात तरी करू नये. त्या वासाने पडदे आणि गालिचे दोन दिवस भरून राहतात आणि तो वास ज्यांना ओळखीचा नाही त्यांना घरात काहीतरी बिघडले आहे असे वाटते. सोलकढीने सुरुवात केलेली बरी. वाळलेली सोले बरोबर नेता येतात आणि नारळाचे दूध डब्यातले मिळते.

न्हाणीघराविषयी एवढ्या तक्रारी का येतात?

कारण आपली आणि त्यांची न्हाणीघरे मुळातच वेगळ्या पद्धतीने बांधलेली असतात. आपल्याकडे फरशीला उतार आणि कोपऱ्यात मोरी असते. पाणी कुठेही पडले तरी वाहून जाते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांत पाणी जायची वाट टबात किंवा शॉवरच्या चौकोनातच असते, बाहेरच्या फरशीला उतार नसतो आणि पुष्कळदा खाली लाकूड असते. टबाबाहेर तांब्याने अंग धुतले तर ते पाणी झिरपून खालच्या खोलीच्या छतावर डाग उमटतात, आणि ती दुरुस्ती हजारोंच्या घरात जाते. पडदा असेल तर त्याची कड टबाच्या आत सोडावी, बाहेर येताना पायपुसण्यावर उभे राहून अंग पुसावे आणि सांडलेले लगेच टिपून घ्यावे.

शौचालयात पाणी नसणे हे आपल्याकडच्या कोणालाच रुचत नाही आणि त्याविषयी बोलायला मुले लाजतात. लहानशी बाटली किंवा झाकणाचा मग जवळ ठेवावा, फरशी ओली होऊ देऊ नये, आणि कागद टाकायचा कुठे हे त्या घरच्या पद्धतीप्रमाणे पाहावे. जपानमध्ये बहुतेक घरांतल्या कमोडला पाण्याची सोय असते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. तिथे वेगळे नियम आहेत: घराच्या दारात बूट काढायचे, शौचालयातल्या सपाता तिथेच ठेवायच्या, आणि टबात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने अंग पूर्ण धुवायचे. टबातले गरम पाणी एकामागून एक सगळे कुटुंब वापरते. त्यात साबण जाऊ द्यायचा नाही आणि आपले न्हाणे झाले म्हणून ते सोडूनही द्यायचे नाही.

आयर्लंडमध्ये अनेक घरांत पाणी तापवण्याचा वेगळा खटका असतो. तो लावून विसरला तर विजेचे बिल फुगते, आणि एकाने पंधरा मिनिटे शॉवर घेतला तर पुढच्याला थंड पाणी उरते. न्हाण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ती पाळावी. केसांना खोबरेल लावणाऱ्या मुलींसाठी एक सूचना: हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे थंडीत ते मोरीच्या नळीत केसांसकट घट्ट बसते आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग ठेवते. तेल रात्रभर ठेवायचे असेल तर उशीवर स्वतःचा टॉवेल घालावा आणि जाळीतले केस प्रत्येक वेळी काढावेत.

कचरा, बाटल्या आणि रविवारची शांतता यांचे एवढे काय?

जर्मनीत कागद, वेष्टने, ओला कचरा आणि उरलेला कचरा वेगवेगळ्या पेट्यांत जातो. शीतपेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि बाटली दुकानातल्या यंत्रात परत दिली की ते पैसे मिळतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर गोंगाट करू नये असा दंडक आहे, दुकानेही रविवारी बंद असतात. रविवारी सकाळी व्हॅक्युम क्लीनर लावून यजमानांना खूश करायला गेलेल्या मुलांना शेजाऱ्यांची बोलणी बसली आहेत. जपानमध्ये कोणता कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा याचे वेळापत्रक पालिका देते. ते फ्रीजवर लावलेले असेल, तेच वाचावे.

थंडी आणि अंधार मुलाला सोसवेल का?

थंडी कपड्यांनी भागते. अंधाराची तयारी कोणी करून जात नाही. डिसेंबरात पणजीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच दिवसांत डब्लिनमध्ये तो सव्वाचारच्या आत आणि बर्लिनमध्ये चारच्या आधी मावळतो. शाळेतून परतेपर्यंत रात्र झालेली असते, आणि नेमके त्याच सुमारास, पहिले अप्रूप ओसरल्यावर, घरची आठवण जोर धरते. दुपारच्या सुटीत रोज बाहेर चालावे, संध्याकाळी खोलीत न जाता सगळे बसतात तिथे पुस्तक घेऊन बसावे. झोप, भूक आणि अभ्यासावरचे लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाले असेल तर शाळेच्या समुपदेशकाकडे जावे. तिथे हे दात दुखला म्हणून दंतवैद्याकडे जाण्याइतके साधे मानतात.

घरातले तापमान हा वादाचा विषय होऊ शकतो, कारण उष्णतेचे बिल मोठे असते. जर्मनीत रेडिएटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात आणि ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर लावून खिडकी उघडी ठेवणे त्यांना सहन होत नाही. तरीही रोज काही मिनिटे खिडक्या सताड उघडून हवा बदलायला ते सांगतात, कारण बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले की भिंतीला बुरशी धरते. पावसाळ्यात गोव्यातल्या कपाटांत काय होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

ते दार बंद करून बसतात. रागावले आहेत का?

जर्मनीत खोलीचे दार बंद असणे नेहमीचे आहे. टकटक करावी आणि उत्तर आल्यावर आत जावे. अमेरिकेत मात्र पाहुण्या मुलाने सतत दार लावून घेतले तर तो नाराज आहे असा समज होतो. मित्राला घरी आणायचे असेल तर आधी विचारावे, रात्री राहायला तर विचारल्याशिवाय कधीच आणू नये. उशीर होणार असेल तर किती वाजेपर्यंत पोहोचू हे कळवावे. घरातल्या लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर किंवा घरच्या व्हॉट्सॲप गटातही टाकू नयेत.

आम्ही रोज फोन करावा का?

पालकांच्या मनातली काळजी समजते, पण रोजचा तासभराचा व्हिडिओ कॉल मुलाला तिथे रुजू देत नाही. शरीराने तो डब्लिनच्या जेवणाच्या टेबलाशी असतो आणि कानाने फोंड्याच्या सोप्यावर. वेळेचे गणितही पाहावे: आयर्लंड व ब्रिटन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतात, जर्मनी साडेतीन आणि साडेचार तास, तर जपान वर्षभर साडेतीन तास पुढे. युरोपातील घड्याळे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. आपण रात्री नऊला जेवून फोन लावतो तेव्हा डब्लिनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि मूल वर्गात असते. रविवारी दुपारी तिथल्या बारा-एकला, म्हणजे आपल्या संध्याकाळी, निवांत बोलावे. मधल्या दिवसांत एखादा संदेश पुरतो.

यजमान बाईंना पालकांनी थेट संदेश पाठवून ‘तिला जरा गरम दूध द्या’ असे सांगू नये. मुलीला हवे असेल तर ती मागेल, आणि तिने मागायला शिकावे यासाठीच तिला पाठवले आहे. सुरुवातीला आभाराचा एक संदेश आणि नाताळला शुभेच्छा एवढे अवश्य करावे.

घरकाम किती करायचे?

स्वतःची खोली, स्वतःची ताटवाटी, टेबल मांडणे व आवरणे हे सर्वत्र धरलेले असते, आणि मुलगे-मुली असा भेद तिथे करत नाहीत. घरी पाण्याचा पेलाही स्वतः न उचललेल्या मुलग्यांना हे जड जाते. त्याची तयारी आईने निदान महिनाभर आधी करून घ्यावी. पैसे देऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याकडून रोज मुले सांभाळून घेणे, सगळ्यांचे कपडे इस्त्री करून घेणे, हे मात्र ठरलेल्यात बसत नाही. ते समन्वयकाच्या कानावर घालावे.

किल्ली हरवली किंवा काही मोडले तर?

त्याच दिवशी सांगावे. जर्मनीत अनेक इमारतींत एकाच किल्लीने बाहेरचे दार आणि घराचे दार उघडते, त्यामुळे ती हरवली तर कधी कधी इमारतीची सगळी कुलुपे बदलावी लागतात आणि खर्च फार होतो. म्हणूनच तिथे वैयक्तिक दायित्वाचा विमा विद्यार्थीही घेतात. हप्ता थोडा असतो, पण भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या किल्ल्या त्यात धरल्या आहेत का हे वाचून घ्यावे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. तो पहिल्याच दिवसांत मागून घ्यावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

देवपूजा आणि चवथ कशी करायची?

लहान तसबीर किंवा मूर्ती खोलीत ठेवायला सहसा कोणाची हरकत नसते. तेलाची समई आणि उदबत्ती यांबद्दल आधी विचारावे. आगीची भीती, विम्याच्या अटी आणि कोणाचा दमा, अशी त्यामागे कारणे असतात. बॅटरीवरचा दिवा चालतो. चवथीला घरच्या माटोळीची आणि खतखत्याची आठवण अनावर होते. त्या दिवशी खोलीत एकट्याने व्हिडिओवर आरती पाहण्यापेक्षा यजमानांना आठवडाभर आधी सांगून थोड्या नेवऱ्या कराव्यात, मुलांना पारी लाटायला आणि कडेला मुरड घालायला बसवावे. त्यांच्या नाताळात आपण सामील होतोच. आपण आपला सण सांगितला नाही तर तो त्यांना कळणार कसा?

मुलगी म्हणते, या घरात नको. खरे मानावे का?

ऐकून घ्यावे आणि काय घडले ते नेमके विचारावे. पाव आवडत नाही, लवकर जेवतात, बोलत नाहीत, या कुरबुरींना सहा-आठ आठवडे द्यावेत आणि त्या काळात यजमानांशीच बोलावे. ठरलेली जेवणे न देणे, खोली दुसऱ्या कोणासोबत वाटून घ्यायला लावणे, पैसे जास्त मागणे, यांबद्दल तारीख-वार लिहून समन्वयकाला ईमेल करावा. कुटुंब बदलून मिळते आणि त्यात मुलाच्या नावाला बट्टा लागत नाही.

अंगाला नकोसा स्पर्श, खोलीत न विचारता शिरणे, धमकी, दारू घेऊन शिवीगाळ, पासपोर्ट काढून घेणे, यांपैकी एकही गोष्ट घडली तर थांबू नये. मुलीने त्याच क्षणी त्या घरातून बाहेर पडून शाळेत, शेजारी किंवा पोलिसांकडे जावे. युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका व कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, आणि जपानमध्ये पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक तिला पाठ असावेत. भारतीय दूतावासाची मदत घेता येते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद व तक्रार दोन्ही करता येतात; नोंद निघण्यापूर्वीच करावी. अशा वेळी लोक काय म्हणतील, वर्ष वाया जाईल, एवढे पैसे घातले, असे एकही वाक्य पालकांच्या तोंडून जाऊ नये. मुलीने पुन्हा सांगायचे की गप्प राहायचे, हे त्या पहिल्या फोनवर ठरते.

यजमान कुटुंब आता गोव्यात आमच्याकडे यायचे म्हणते. काय तयारी करावी?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो आणि त्या दिवसांत समुद्रात उतरता येत नाही, हे आधी कळवावे. पिण्यासाठी उकळलेले किंवा बाटलीतले पाणी ठेवावे, एक जेवण बिनतिखट करावे, आणि त्यांना दुपारी त्यांच्या खोलीत एकटे राहू द्यावे. सगळ्या नातेवाइकांना एकाच दिवशी भेटायला बोलावू नये. पर्यटक ई-व्हिसाचा अर्ज त्यांनी भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा, कारण तशीच दिसणारी जादा पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. परदेशी नागरिक हॉटेलात न उतरता आपल्या घरी राहणार असेल, तर घरमालकाने तो आल्यापासून २४ तासांच्या आत ‘फॉर्म ३’ (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरावा लागतो. हा नियम खासगी घरांनाही लागू आहे, म्हणून पाहुणे येण्यापूर्वीच त्या पोर्टलवर घराची नोंद करून ठेवावी आणि त्यांच्या पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती मागवून घ्याव्यात.